डाएटिशियनची इंटर्नशिप, सरकारी वॉर्ड आणि साठ मिली दूध

ज्वारीची_भाकर (धागाकर्ती)

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं एमएस्सी डाएटिक्स झालंय आणि सध्या सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे, ती झाल्याशिवाय आरडीच्या (म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या) परीक्षेला बसता येत नाही. मराठवाड्यातलंच एक मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, नाव आणि गाव मुद्दाम सांगत नाही. घरच्या लग्नात सगळ्या मावश्या एकच विचारतात, "तू ते वजन कमी करायचं सांगतेस ना गं?" आता काय सांगू त्यांना, चार महिने झाले, मी एकाही माणसाचं वजन कमी केलेलं नाही, सगळा दिवस कुणाचं तरी शे-दोनशे ग्रॅम वाढावं म्हणून पळायलेय.

पहिली केस सांगते. पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे आमच्या भाषेत एनआरसीत, एक चौदा महिन्यांची मुलगी आली. आईबाप बीडकडचे, ऊसतोडीला गेले होते, आई पहाटे चारला फडात आणि लेकरू कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, थोरल्या बहिणीच्या ताब्यात, ती थोरली म्हणजे सात वर्षांची. वजन ५.६ किलो. दंडाचा घेर १०.९ सेंमी, टेप लाल पट्ट्यात. पोटावर चटक्यांचे काळे डाग होते, बिब्बा लावलेला. आजी म्हणे दिष्ट लागलीय. त्यावर मी काही बोलले नाही, आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आईला पहिल्या तासात रागावलीस तर ती तिसऱ्या दिवशी पळून जाईल.

तर अशा लेकराला सुरुवातीला एफ-७५ देतात. दूध, साखर, तेल, मुरमुऱ्याचं पीठ आणि उरलेलं पाणी, १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. किलोमागं दिवसाला १३० मिली, म्हणजे हिला साधारण ७३० मिली, ते बारा वेळा वाटून, दर दोन तासांनी ६० मिली. रात्री पण. बाटली नाही, वाटी-चमचा.

मी स्टीलच्या वाटीत ते ६० मिली मोजून आईपुढं धरलं. तिनं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आव म्याडम, येवढंच व्हय? मांजराला बी पुरायचं न्हाई हे."

कॉलेजात पाच वर्षांत ह्या वाक्याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला आतडी, लिव्हर, मीठ-पाण्याचा तोल असलं काहीबाही सांगत बसले. तिनं ऐकून घेतलं आणि मी वळल्यावर पदराखालून पारलेचा पुडा काढला. तिचं चुकलं असं मला आजपण वाटत नाही. लेकरू वाळून काडी झालंय आणि दवाखान्यातली पोरगी सांगतेय की कमी खाऊ घाल. कोण ऐकेल?

तिसऱ्या दिवशी मी रात्री थांबायचं ठरवलं (ड्युटी नव्हती, हॉस्टेलवर बसून करणार काय). फीडच्या चार्टवर २ आणि ४ वाजताच्या खुणा आधीच्या दोन्ही रात्री एकाच पेनानं, एकाच दमात केलेल्या दिसत होत्या. आणि वाटी तर कोरडी ठणठणीत. सिस्टर एकच, कॉटा चाळीसच्या घरात. आई बिचारी बसल्या बसल्या झोपलेली, डोकं भिंतीला. मी २ चं भरवलं, ४ चं भरवलं. ४ ला ती चमच्याकडं तोंड फिरवत होती, अर्ध्या तासात जेमतेम पस्तीस मिली गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी काय झालं, आई चमचा भरायच्या आत पोरीनं दोन्ही हातांनी वाटी धरून ओढली. सांडलं सगळं तिच्या अंगावर, माझ्या अॅप्रनवर. आणि मॅडम, ज्या एरवी कधी हसत नाहीत, त्या म्हणाल्या, "आली भूक. आता एफ-१००." म्हणजे पुढचं, जास्त ताकदीचं दूध, १०० मिलीत १०० कॅलरीचं.

वजन किती वाढलं ते नंतर सांगते, आधी माझी चूक सांगू द्या, त्यासाठीच धागा काढलाय खरं तर.

मेल मेडिसिनमध्ये एक टीबीचे काका होते. उंची १६५, वजन ३४ किलो. बीएमआय साडेबारा. दहा-बारा दिवस चहाशिवाय काही गेलं नव्हतं पोटात. मी नवी, उत्साह उतू चाललेला, लगेच कॅलक्युलेटर काढून डाएट चार्ट केला, १६०० कॅलरी, दोन अंडी, दूध, शिरा, केळी, सगळं छान रकान्यांत. वाटलं की मॅडम शाबासकी देतील. मॅडमनी चार्ट बघितला, फाईल बघितली, आणि विचारलं, "मारायचंय का त्यांना?"

दहा कॅलरी किलोमागं. म्हणजे ३४०. पहिल्या दिवशी एवढंच, तेही थायमिनचं इंजेक्शन गेल्यावर, आणि रोज फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासत हळूहळू वर. रीफीडिंग सिंड्रोम, म्हणजे उपाशी माणसाला एकदम खाऊ घातल्यावर होणारा बिघाड, मी परीक्षेला दहा मार्कांसाठी लिहिलेला होता बरं का, आकृतीसकट. आणि समोर कॉटवर तोच माणूस बसला तर मला ओळखू आला नाही. चार्ट किचनला जायच्या आत अडला म्हणून, नाहीतर आज मी इथं काय लिहीत असते कुणास ठाऊक.

तुमचे असले काही अनुभव असतील तर लिहा. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी तर लिहाच.

---

कडबाकुट्टी

ताई मस्त लिहिलंय. मला मेडिकलमधलं काही कळत नाही, पण आमच्याकडं दुष्काळात जनावरं छावणीला असायची. तिथून परत आणली की आजोबा चार दिवस निस्ता कडबा टाकायचे, सरकी-पेंडीला हात लावू द्यायचे नाहीत कुणाला. एका वर्षी चुलत्यानं मायेपोटी रात्री गायीपुढं धान्याचं घमेलं ठेवलं, सकाळी गाय फुगून आडवी. उपाशी जित्राबाला एकदम घालू नये हे आमच्या आजोबाला ठाऊक होतं, म्हातारा शाळेत पण गेला नव्हता.

---

ज्वारीची_भाकर

@कडबाकुट्टी, दादा हे उत्तर मला त्या आईपुढं उभी होते तेव्हा पाहिजे होतं! उद्यापासून हेच सांगणार. शेतकऱ्याच्या बायकोला हे अर्ध्या मिनिटात कळेल, मी उगीच लिव्हर-लिव्हर करत बसले.

---

रात्रपाळी_ब्रदर

लेख चांगला आहे पण चार्टच्या खुणांबद्दल बोलावंच लागेल. मी सरकारीत नऊ वर्षं स्टाफ आहे, तुमच्या हॉस्पिटलात नाही. रात्री २ वाजता चाळीस पेशंटला एक माणूस असतो तेव्हा एक सलाईन संपलेलं असतं, एकाला झटका आलेला असतो आणि एक नातेवाईक मोबाईल चार्जिंगवरून भांडत असतो. त्यात ६० मिलीची वाटी आणि चमचा घेऊन अर्धा तास बसायचं कुणी? खूण खोटी करू नये हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण तुम्ही एक रात्र थांबलात आणि सहा महिन्यांनी जाणार, आम्ही तिथंच आहोत.

---

ज्वारीची_भाकर

@रात्रपाळी_ब्रदर, बरोबर आहे तुमचं. त्या सिस्टरबद्दल तक्रार म्हणून लिहिलंच नव्हतं, पण परत वाचलं तर तसं वाटतंय खरं. त्या रात्री त्यांनीच मला स्वतःच्या डब्यातली भाकर आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, ते लिहायचं राहिलं. नंतर आम्ही एक केलं, शेजारशेजारच्या कॉटवरच्या आयांच्या जोड्या लावल्या, एकीनं २ ला उठायचं आणि दुसरीला ४ ला उठवायचं. बरं चाललंय. रोजच चालतं असं नाही.

---

उदगीरचा_डॉक्टर

चर्चेत थोडी भर घालतो. रीफीडिंगमध्ये नेमकं होतं काय हे इथल्या सगळ्यांना कळावं म्हणून सोपं करून सांगतो. माणूस बरेच दिवस उपाशी असला की शरीर चरबी जाळून चालतं आणि इन्सुलिन खाली असतं. एकदम साखर-भात-शिरा गेला की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. आधीच साठा रिकामा, त्यात रक्तातलं पण घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, पेशंट जाऊ पण शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं, छळछावणीत जगले आणि सुटल्यावर पोटभर जेवून दगावले.

आणि धागाकर्तीनं स्वतःची चूक लिहिली हे आवडलं. आमच्यातले निम्मे लोक अजून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) बघून पोषण ठरवतात. अल्ब्युमिन इन्फेक्शनमध्ये, सुजेमध्ये, लिव्हर बिघडलं तरी पडतं. त्यापेक्षा पेशंटला विचारा की पायजम्याची नाडी कुठपर्यंत आली.

---

परळीचा_पुण्यात

सगळं ठीक आहे हो, पण मला एक कळत नाही, पूर्वी कुठं होतं हे कुपोषण बिपोषण? घरची ज्वारी, घरचं दूध, ठणठणीत होती माणसं. हे सगळं पाकिटातलं खायला लागल्यापासून सुरू झालंय.

---

जुनी_खोड

@परळीचा_पुण्यात, ७२ साल विसरलात काय? तुमचा जन्म नसेल. आमच्या आईनं खडी फोडली, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला ती लाल मिलो. त्या मिलोची भाकर थापताना तुटायची अन् खाताना घशाखाली उतरायची नाही. माझा एक भाऊ त्या सालात गेला, काय झालं होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही. "वाळून गेला" एवढंच म्हणायची आई. ठणठणीत होती ती जगली वाचली ती माणसं, मेलेली कुठं मोजलीत तुम्ही.

---

परळीचा_पुण्यात

काका सॉरी, तसं म्हणायचं नव्हतं.

---

अंगणवाडी_सेविका_हिंगोली

ताई तुम्ही लिहिलेली पोरगी मी बघितल्यासारखी वाटली, म्हणजे ती नाही पण तसल्या लई बघितल्या. आमच्याकडं दंडघेराची टेप असते, ११.५ च्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळं. लाल आलं की आम्ही ग्राम बाल विकास केंद्रात घेतो, पायावर सूज असली, भूक नसली, ताप असला तर थेट एनआरसीला पाठवतो. कागदावर सोपं आहे. पण दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, उचल घेतलेली असते, मुकादम ट्रक घेऊन दारात. रजिस्टरला माझ्याकडं नाव आहे, वजनाच्या दिवशी लेकरू कुठल्या तरी साखर कारखान्याच्या तळावर. परत येतात ते शिमग्याच्या पुढं. तेव्हा टेप लावली की पोटात गोळा येतो.

आणि एनआरसीला जा म्हटलं की आई विचारते, मागच्या दोघांना कोण बघणार? चौदा दिवस रोजगार बुडणार. बुडीत मजुरीचे पैसे मिळतात तिथं, पण ते खात्यावर कधी पडतील ते देव जाणे. मी एकीच्या दोन पोरांना माझ्या घरी ठेवून घेतलं होतं मागं. सासूबाई बोलल्या मला, बोलू द्या.

---

ज्वारीची_भाकर

@अंगणवाडी_सेविका_हिंगोली, ताई _/\_

आमच्याकडच्या आईचं पण हेच झालं. अकराव्या दिवशी म्हणाली जाऊ द्या, थोरली एकटी आहे. पोरीचं वजन तेव्हा ६.१. सोडायला साधारण पंधरा टक्के वाढ हवी असते, म्हणजे ६.४ च्या वर. पहिले चार दिवस तर काहीच वाढलं नव्हतं, उलट वीस ग्रॅम उतरलं होतं आणि आई माझ्याशी बोलेना, पण एफ-१०० सुरू झाल्यावर सात दिवसांत अर्धा किलो. मॅडमनी खूप समजावलं. शेवटी गेलीच. जाताना मी तिच्याकडून वॉर्डच्या छोट्या किचनमध्ये दोनदा करून घेतलं, भाकरी दुधात कुस्करून त्यात शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर तेल, वरणाचं पाणी नाही तर खालचं घट्ट वरण, अंडं मिळेल तेव्हा. पहिल्यांदा तिनं कूट चिमूटभरच टाकलं. म्हटलं अजून टाका. तर म्हणाली, "माय, येवढं कूट तर आम्ही सणाला भाजीत टाकतो."

मी तक्त्यात "शेंगदाणे ३० ग्रॅम" लिहिताना हा विचारच केलेला नव्हता.

---

विचारून_बघतो

थोडं अवांतर, पण विचारतो. वडिलांना लकवा झालाय, नाकातून नळी आहे, आठवड्यापूर्वी घरी आणलं. आम्ही दाळीचं पाणी, नारळपाणी आणि मोसंबीचा ज्यूस देतोय, सगळे म्हणतात ताकद येते. पण बाबा दिवसेंदिवस खाली चाललेत. काय द्यावं?

---

ज्वारीची_भाकर

@विचारून_बघतो, दादा, दाळीच्या पाण्यात दाळ नसते, पाणीच असतं. तुम्ही मनापासून करताय पण बाबा उपाशी आहेत. वॉर्डात मला सगळ्यात जास्त हेच दिसतं, पांढऱ्या डब्यात पिवळं पाणी.

आणि मघाशी डॉक्टरांनी सांगितलंय ते तुमच्या बाबांना पण लागू पडतं, आठवडाभर असं चाललंय तर आजच्या आज एकदम वाढवू नका. जिथून डिस्चार्ज झाला तिथल्या डॉक्टरांना आणि डाएटिशियनला उद्याच गाठा, शुगर-किडनीचं काय आहे ते मला माहीत नाही, त्यावर बरंच ठरतं. त्यांनी हो म्हटलं की साधारण असं असतं, दाळ-तांदूळ गाळ शिजवून, मिक्सरला बारीक, गाळून, त्यात तेल, दूध, कधी दह्याचं पातळ ताक. एका वेळी दोनशे-अडीचशे मिलीच्या वर नाही, दोन-तीन तासांनी. देताना पाठ उशीला टेकवून वर उचललेली पाहिजे आणि दिल्यावर पण अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, झोपवून अजिबात देऊ नका, फुप्फुसात जातं. शेवटी थोडं साधं पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर चोंदते.

---

विचारून_बघतो

धन्यवाद ताई. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी "लिक्विड डाएट द्या" एवढंच सांगितलं होतं.

---

उदगीरचा_डॉक्टर

ह्यात आमची चूक आहे, कबूल. आणि अजून एक सांगतो, ऑपरेशनच्या नावाखाली एनबीएम, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी, रात्रीपासून उपाशी, दुपारी कळतं की आज नंबर लागत नाही, परत उद्या उपाशी. तीन दिवस असं झालेलं मी बघितलंय. जखम भरत नाही म्हणून मग आम्हीच अँटिबायोटिक बदलत बसतो.

---

ज्वारीची_भाकर

@उदगीरचा_डॉक्टर, सर अगदी अगदी. ऑर्थोच्या एका आजीनं मला विचारलं होतं, "बाई, हा उपास कोणत्या देवाचा?" आता मी रोज दुपारी १ ला ओटीच्या यादीवर कुणाचं नाव पुढं ढकललं ते विचारून येते आणि सिस्टरना सांगून त्यांना लगेच जेवायला लावते. एवढंच. त्याला डिग्री लागत नाही, दोन जिने चढावे लागतात.

---

जुनी_खोड

टीबीच्या काकांचं काय झालं? ते अर्धवट सोडलंत.

---

ज्वारीची_भाकर

हो की, राहिलंच. दुसऱ्या दिवशी फॉस्फरस घसरलाच, ३४० कॅलरीवर पण! मग सलाईनमधून भरपाई केली, दोन दिवस थांबून परत वर चढलो. दहाव्या दिवशी १४०० ला पोचले. सुट्टी झाली तेव्हा ३५.८ किलो. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे मिळतात, २०१८ ला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत. काकांचं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. आमचे टीबीचे सुपरवायझर चांगले, त्यांनी फॉर्म भरून दिला.

---

उदगीरचा_डॉक्टर

टीबीत खाणं किती महत्त्वाचं यावर आपल्याच देशात, झारखंडला मोठा अभ्यास झालाय, 'रेशन्स' नावाचा, २०२३ मध्ये आला. पेशंटला महिन्याला १० किलो शिधा आणि घरच्यांनाही शिधा. घरच्यांमध्ये नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. नवीन औषध नाही, लस नाही, तांदूळ-डाळ-तेल-दूध पावडर. पेशंटला अन्न लिहून देता येत नाही याची चिडचिड होते.

---

कडबाकुट्टी

डॉक्टरसाहेब चिठ्ठीवर लिहा की "दाळ एक किलो, सकाळ-संध्याकाळ". लोक मेडिकलात जाऊन मागतील तरी 😄

---

अंगणवाडी_सेविका_हिंगोली

ती पोरगी परत दाखवायला आली का हो? पंधरा दिवसांनी बोलावतात ना?

---

ज्वारीची_भाकर

ताई, हे लिहायला कालपासून थांबले होते. तारीख सोमवारची होती. आलीच नाही. मंगळवारी पण नाही. त्यांच्या आशाताईंना फोन लावला तर बंद. मॅडम म्हणाल्या दहातल्या चार-पाच येत नाहीत, सवय कर.

आज गुरुवारी दुपारी अडीचला आली, एसटी चुकली म्हणून टमटमनं. सोबत थोरली. वजन ६.३५. टेप पिवळ्यात, ११.६. थोरलीची पण टेप लावून बघितली मी, तिच्या वयाला ती टेप चालत नाही हे माहीत असून. मग नीट वजन-उंची घेतली, ती पण कमीच भरली. तिचं नाव मी अजून कुठल्याच रजिस्टरला लावू शकले नाहीये, आमच्या केंद्रात पाच वर्षांपर्यंतचीच घेतात. शाळेत नाव आहे का विचारलं तर आई म्हणाली आहे की, पण सीझनला आमच्याबरं असती ना ती.

थोरलीला माझ्या डब्यातली अर्धी भाकर दिली. तिनं त्यातला तुकडा मोडून आधी धाकटीच्या तोंडात घातला, अगदी बारीक करून, पाण्यात भिजवून. कुणी शिकवलं म्हटलं तर म्हणाली, "कोपीत मीच भरवत व्हते."

---

रात्रपाळी_ब्रदर

थोरलीसाठी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, आरबीएसके. १८ वर्षांपर्यंत बघतात ते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची टीम असते, तिकडून चिठ्ठी घ्या म्हणजे नाव लागेल. कुठला तालुका ते व्यनि (खाजगी निरोप) करा, ओळखीचं कुणी आहे का बघतो.

---

ज्वारीची_भाकर

केलाय व्यनि.